बारावी जोडी

रविवार, १२ मे. दुपार

पोचलो एकदाचे. तेवीस मुली, चार पातेली, शिवण उसवलेला एक तंबू आणि मी. भिगवण सोडून हमरस्त्यावरून आत वळलं की चार किलोमीटर नुसती वेडी बाभळ, आणि मग एकदम उजनीचं पाणी. म्हणजे एरवी असतं म्हणे. यंदा ते इतकं मागं गेलंय की काठावरून आधी वाळकं गवत, मग भेगाळलेला गाळ, मग ओला काळा गाळ आणि पार पलीकडं एक चकाकती रेघ दिसते. ऊन कडक आहे आणि वारा थांबायला तयार नाही. पण मुली खूश आहेत, म्हणून मीही खूश आहे.

ही रोजनिशी हौसेची नव्हे. गाईड कॅप्टनच्या प्रशिक्षणात पहिल्या शिबिराचं रोजचं टिपण द्यावं लागतं. त्यासाठी आणलेली नवी वही बारामतीत टेबलावर राहिली. यादीत तिच्यापुढं बरोबरची खूण मात्र मी ठसठशीत केली होती. म्हणून मुलींच्या हजेरीवहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. पुढून तेवीस नावं, मागून माझी बडबड.

मी रश्मी, वय एकोणचाळीस, मूळची नाशिकची. बारामतीत एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते. बदली होऊन आठ महिने झाले. रविवारी घरात बसवत नाही. खरं तर मला कधीच बसवत नाही. म्हणून कोऱ्हाळे बुद्रुकच्या मुलींच्या पथकात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी बाई मुलींनाही शिस्तीत ठेवेल असं त्यांना वाटलं असावं.

निघताना सावळाराम आबा टेम्पोपाशी आले होते. त्यांची नात सोनम, अकरा वर्षांची, पथकातली सगळ्यांत बुजरी. आई पुण्यात कामाला, वडील नाहीत. आबांनी तिची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मॅडम, हिला एकटी ठिऊ नका. जशी नेताय तशी आणून सोडा." मी त्यांना शब्द दिला. तेवीस मुलींच्या अकरा जोड्या होतात आणि एक उरते. उरली सोनमच, म्हणून तिची जोडीदारीण मीच झाले. आम्ही गाईडच्या रीतीनं डावा हात मिळवला. तिचा हात चिमणीएवढा आहे.

पाण्याकाठच्या शिबिरात जोडीची गिनती असते. शिट्टी झाली की जोडीनं हातात हात धरून वर करायचे आणि आपला आकडा ओरडायचा. एक ते बारा, अर्ध्या मिनिटात काम फत्ते. बारावी जोडी आमची, तेव्हा शिट्टी तोंडातून काढून "बारा" मीच म्हणते. श्रीपती तात्यांना हे पसंत पडलं नाही. ते पथकाचे जुने स्काऊटमास्तर, सत्तरी गाठलेले, आता सामानसुमान बघतात. नावं घेऊन हजेरी घ्या, म्हणाले. मी म्हटलं, तात्या, प्रशिक्षणात आम्हाला हेच शिकवलंय. त्यावर ते तंबूच्या खुंट्या ठोकत राहिले.

सोमवार, १३ मे. संध्याकाळ

पहाटे तात्या गाळातून वर येताना दिसले. गुडघ्यापर्यंत काळे, खांद्यावर गोणपाटाची पिशवी, पिशवीत दगड. पोरी ठेचकाळतील म्हणून वेचतो, म्हणाले. तिकडं गाळात कोण ठेचकाळणार होतं? पण या वयाला हा उत्साह बघून मला कौतुकच वाटलं.

आज वाटेच्या खुणा शिकवल्या. दगडांचा बाण म्हणजे या दिशेनं या. फुली म्हणजे ही वाट नाही. दगडांचं गोल आणि मध्ये एक दगड म्हणजे वाट संपली. मग तात्यांनी जुना खेळ समजावला. एकीनं खुणा मांडत जायचं आणि शेवटच्या गोलात बसून राहायचं. कुणी शोधत आलं की शोधणारीनं तिचा डावा हात हातात घ्यायचा. तोवर बसलेलीनं उठायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही. हात मिळवला की ती सुटली, आणि तिच्या जागी शोधणारीनं बसायचं. शेवटी खुणा मोडून टाकायच्या, वाट उघडी सोडायची नाही. हे शेवटचं तात्यांनी तीनदा सांगितलं. मुली जांभया द्यायला लागल्या.

रात्रीचं पिठलं कुशाबाईंनी फार सुरेख केलं. त्या शेळगावच्या, शिबिराला स्वयंपाकाला येतात. सोनम माझ्याशेजारी जेवली आणि दोन भाकरी खाल्ल्या. आबांना फोन करून सांगितलं.

मंगळवार, १४ मे. दुपार

सकाळी तात्या काठावर घसरले. घोटा टम्म सुजलाय. जीप मागवून भिगवणला नेऊन आणलं. हाड शाबूत आहे, पण चार दिवस पाय टेकायचा नाही. वेदनेपेक्षा त्यांना दुसरंच काही टोचतंय असं वाटलं. दर दहा मिनिटांनी पाणी किती मागं गेलं ते विचारतात. मॅडम, तुम्ही खाली जाऊ नका, असंही दोनदा म्हणाले.

मला जाऊ नका म्हटलं की संपलंच. गेले. वाळलेल्या गाळावर चालताना पायाखाली पापड मोडतात. साधारण दोनशे पावलांवर दगडांचा एक बाण सापडला. सुबक, सात दगडांचा, टोक पाण्याकडं. दगडांवर बारीक शिंपले चिकटून वाळलेले. पुढं आणखी एक, त्यापुढं आणखी एक. कुठल्या तरी जुन्या शिबिराचा माग पाण्याखाली राहिला होता आणि पाणी हटलं तसा उघडा पडत होता. मला इतका आनंद झाला की शिट्टी वाजवावीशी वाटली.

आयती वाट कोण सोडतं? तात्यांनी वेचून नेलेल्या दगडांमुळं काठापासून दोनशे पावलं रिकामी होती. ती मी मुलींकडून नवे बाण मांडून भरून घेतली, थेट आमच्या ध्वजाच्या काठीपासून. मग जोड्याजोड्यांनी सगळ्या माग काढत गेल्या. ओला गाळ सुरू होतो तिथं मी सगळ्यांना थांबवलं. बाण पुढं जात होते, पण गोल कुठं दिसला नाही.

परत येताना सोनम मागं वळून वळून बघत होती. गोल नाही तर काय झालं, उन्हाचं चल, मी म्हटलं. ती हळू म्हणाली, "मॅडम, म्हंजी ती अजून बसलीया." मला हसू आलं. 

खुणा मोडायच्या राहिल्या. जेवणाची वेळ झाली होती. उद्या मोडू.

बुधवार, १५ मे. सकाळ

झोप नीट नाही. वारा तंबूची कनात सारखी उचलतो आणि टाकतो.

सकाळच्या गिनतीला सोनम माझ्याजवळ आली नाही. रांगेच्या टोकाला, अकराव्या जोडीच्या पलीकडं उभी राहिली. मी शिट्टी वाजवली. दहा झाले, अकरा झाले, आणि मी तोंडातून शिट्टी काढायच्या आत "बारा" आलं. दोन आवाजांत. एक सोनमचा. मुली वाऱ्यानं डोळे मिटून उभ्या होत्या. सोनमचा डावा हात वर होता, बोटं कशाभोवती तरी मिटल्यासारखी. मी मस्करी समजून रागावले. ती म्हणाली तिला आता जोडी मिळाली, मॅडमना कामं असतात ना. हात धरला तर बर्फ, आणि तळव्यावर काळा ओला गाळ. आमच्या तंबूपासून पाव किलोमीटरपर्यंत ओला गाळ नाही.

नावं घेतली. तेवीसच्या तेवीस हजर. मग माझं काय बिघडलंय?

दुपार

कुशाबाई ताटं घेऊन आल्या. ताटं तेवीस मुलींची आणि चार मोठ्यांची — एक आमच्या जीपवाल्यासाठी ज्यादाचं, ते कालपासून कुणी वापरलेलं नाही. तरी ते उष्टं आहे. ताटाच्या कडेला गाळ. त्या म्हणाल्या, "बाई, ह्ये बरं न्हाय. मी पंधरा वर्सं शिबिराचं रांधतीया, पर ह्या जागंला पोरी मोजताना मला कधीच गोड वाटलं न्हाय." मी विचारलं कशामुळं. तात्यांना विचारा, म्हणाल्या, आणि ते ताट पुन्हा घासायला घेतलं.

बाण मोडायला खाली गेले. पाणी आणखी मागं सरकलंय. नवे तीन बाण उघडे पडलेत. सगळे पायानं उधळले, दगड लांब लांब फेकले. दमले. वर येऊन बसले तर पाय आपोआप हलत राहतात. माझी आई असती तर म्हणाली असती, बस की जरा गप.

तात्यांना उद्या विचारते. मला भीती वाटतेय, हे इथं लिहून ठेवते. पर्यवेक्षक वाचतील तर वाचू देत.

गुरुवार, १६ मे. सकाळ

सगळे बाण जागच्या जागी. सात-सात दगडांचे. मी फेकलेले दगड ओले.

तात्यांनी सांगितलं. खाटेवर बसून, माझ्याकडं न बघता.

बारा वर्षांपूर्वी याच जागी शिबिर होतं. नकोशी नावाची मुलगी होती, अकरा वर्षांची, घरातली चौथी पोर. तिच्या जोडीदारणीला ताप आला, तिला घरी पाठवलं. नकोशी एकटी उरली म्हणून तात्यांनी तिला आपल्या जोडीला घेतलं. शेवटच्या दिवशी मागाचा खेळ होता आणि खुणा मांडायची पाळी तिची. ती मांडत गेली, शेवटी गोलात बसली. तेवढ्यात वावटळ आणि गारा. तात्यांनी शिट्टी फुंकली, पोरी टेम्पोत कोंबल्या, गिनती घेतली. अकरा झाल्यावर रोजच्या सवयीनं हात वर करून बारा ते स्वतःच म्हणाले.

"माझा आकडा बराबर हुता, मॅडम. पोर न्हवती."

आणि ती उठली नसणार, कारण उठायचं नाही हे त्यांनीच शिकवलं होतं. हाकेला ओ द्यायची नाही, हेसुद्धा.

पोलिसांना त्यांनी सांगितलं की गिनती पूर्ण होती, भिगवणला उतरून कुठं गेली असेल. दोन दिवस स्टेशनवर आणि पुण्यात शोध झाला. तिसऱ्या दिवशी गाळात आले. बाण ओल्या गाळापर्यंत गेले होते. त्यापुढं नुसता गाळ होता. घरच्यांनी फार ताणलं नाही. पथकानं पिवळे स्कार्फ बदलून हिरवे केले. जागा बदलायला समिती तयार झाली नाही, आणि खरं कारण सांगायची तात्यांची छाती झाली नाही. म्हणून दर मे महिन्यात ते येतात, पाणी हटलं की बाण उघडे पडतात, पहाटे उठून ते वेचतात. वाट काठाला जोडली जाऊ नये, एवढंच बघतात.

ती जोडून मीच दिली. ध्वजाच्या काठीपर्यंत.

मला त्यांची चीड आली. नंतर माझी स्वतःची आली. रोज शिट्टी तोंडातून काढून बारा कोण म्हणत होतं?

दुपार

टेम्पोवाल्याला फोन केला. लग्नसराई, उद्या सकाळी अकराच्या आत नाही म्हणतो. दुसरी गाडी बघितली, भिगवणची जीपसुद्धा. तीच गत. आबांना फोन केला, मी सोनमला उद्या आणून सोडते म्हटलं. आवाज नीट ठेवला.

सोनमला माझ्या स्कार्फनं माझ्या मनगटाला बांधलंय. ती रडत नाही, त्याचंच जास्त वाटतं. मी तिला सांगितलं की आपण दोघी जोडी. ती म्हणाली, "तिला भूक लागलीया, मॅडम. ती जेवली की जाईल. पर तिची जागा कुणीतरी धरायला पायजे ना."

जागा कुणी धरायची नाही, मी ओरडले. पहिल्यांदाच मुलीवर ओरडले.

संध्याकाळ

नावानं हजेरी. तेवीस. पुन्हा. तेवीस.

काठावर बाभळीच्या फांदीत एक चिंधी. पिवळी.

शुक्रवार, १७ मे. सकाळी ७

तेवीस. सोनम मनगटाला आहे. तंबू उतरवतोय. अजून चार तास.

९:२०

गाठ सुटलेली. रीफ गाठ, मी स्वतः मारलेली, ओढून घट्ट — सुटलेली आणि स्कार्फ घडी घालून ठेवलेला. पातेली बांधायला दोन्ही हात लागले म्हणून मी फक्त —

शिट्टी मारली. एक. दोन. अकरापर्यंत समोर. बारा गाळाकडून आलं. लांबून. दोन आवाज.

नावं घेतली. सोनम — सोनम — सोनम —

तात्यांना सांगितलं, एकीलाही तंबूजवळच्या लिंबाखालून हलू देऊ नका. निघाले.

९:५०

सापडली. जिवंत आहे.

ओल्या गाळाच्या आत, गोलात बसलीय. कमरेपर्यंत. मी ओढलं की आणखी खाली जाते. दोनदा ओढलं. दोन्ही वेळा वीतभर. हाकेला ओ देत नाही, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. नियम पाळतेय. सोमवारी तिनं नियम पाठ म्हटल्यावर मीच तर शाबासकीची टाळी दिली होती.

हजेरीवही हातातच राहिलीय.  लिहिलं की जरा

पाणी जवळ नाही. तरी गोलातले दगड ओले होतायत.

दुसरा उपाय नाही. आबांना मी शब्द दिलाय.

१०:०५

डावा हात घेतला. म्हटलं, सोनम, तू सापडलीस.

गाळानं तिला सोडलं. अगदी सहज, लोण्यातून सुरी निघावी तशी. डोळे उघडून म्हणाली, "मॅडम, तुमी थांबणार व्हय?" म्हटलं हो. बाण बघत जा, मागं वळू नकोस, वर गेलीस की तात्यांना सांग, दोरी घेऊन कुणाला तरी पाठवा. मान हलवली. चाललीय. चांगली चाललीय.

मी बसलेय. बसावंच लागलं, पाय आपोआप दुमडले. आयुष्यात पहिल्यांदा गप बसलेय.

१०:२०

ती पोचली. इथून दिसतं. लिंबाखाली सगळ्या आहेत. काठावर कुणीतरी तिला घ्यायला उभी होती. तिच्याएवढीच. गळ्यात पिवळं. दोघी हात धरून वर गेल्या.

कंबर गार पडली.

टेम्पो लवकर आलाय. हॉर्न ऐकला.

ओरडायला तोंड उघडते. आवाज — नाही. ओ द्यायची नाही.

१०:३५

तात्यांची शिट्टी. गिनती. नावानं घ्या तात्या, नावानं — वही माझ्याजवळ आहे. नावं इथं आहेत.

एक. दोन. तीन.

दहा.

अकरा.

बारा. दोन आवाज. दोन्ही खणखणीत.

आकडा बरोबर. कुणी इकडं बघत नाही. तात्याही नाही. टेम्पोचं मागचं फळकं लावल्याचा आवाज आला.

सोनम आत आहे. शब्द पाळला, आबा. जशी नेली तशी —

माझं नाव या वहीच्या हजेरीत कुठंच नाही. मोठ्यांची हजेरी नसते. पहिल्या पानावर तेवीस नावांखाली चोविसावी ओळ रिकामी आहे, तिथं लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या मे महिन्यात पाणी हटलं की कुणी

उघडलं. चोविसावी ओळ रिकामी नाहीये. ओल्या बोटानं कुणीतरी आधीच तिथं नको—